समजा सर

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी पतंगे सरांचा गौरव अंक काढायचं ठरवलं आहे. परवा त्यांच्यातले दोघे घरी आले, पेढ्यांचा पुडा ठेवला आणि म्हणाले, तुम्ही त्यांच्यासोबत नोकरी केली, दोन पानं लिहून द्या. मी हो म्हणालो. पेढा तोंडात असताना नाही म्हणणं अवघड असतं. पण लिहायला बसलो आहे तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला हा माणूस आवडत नव्हता, आजही आवडत नाही आणि मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. अंकवाल्यांनी छापताना 'ते' करून घ्यावं, नाहीतर छापू नये.

मी गोरेगावच्या शाळेत गणित शिकवायचो. पतंगे चित्रकलेचा मास्तर म्हणून आला ते चौऱ्याण्णव-पंच्याण्णव साल असेल. मूळचा वाशिमकडचा. बारीक अंगाचा, डावखुरा, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि डाव्या मनगटाजवळ कायम शाईचा निळा डाग. बोलायचा इतकं हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे, आणि मला वाटतं त्याला ते आवडत असे. डबा खिडकीपाशी उभ्यानं खायचा. परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून त्याला वर्गावर सोडलं की तो बाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत राहायचा. त्या वर्गाचा गणिताचा निकाल हमखास चांगला लागे, आणि वरून विचारणा झाली की उत्तरं मला द्यावी लागत.

त्याचं प्रत्येक वाक्य 'समजा'नं सुरू व्हायचं. समजा, या शाळेला वीस वर्षांनी कुलूप लागलं. समजा, गावात दवाखाना झाला, पण डॉक्टरला आजारी माणसाची बोली कळत नाही. पोरांनी आठवड्याच्या आत नाव ठेवलं, समजा सर. आता समजा तर आम्ही गणितवालेही म्हणतो. समजा, क्ष ही वडिलांच्या वयाची संख्या. पण आम्ही खाली उत्तर काढून देतो. हा कधीच काढून देत नसे. मग पुढे काय, असं विचारलं की म्हणायचा, ते तुम्ही सांगा. माझं डोकं तिथंच फिरायचं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की चित्रकलेच्या खोलीत त्याची बैठक भरे. त्या बैठकीला कोण असावं याला काही ताळतंत्र नव्हतं. उपकेंद्राच्या नर्सबाई, विजेचा लाईनमन, गुरांचे डॉक्टर, शिवणकाम करणारा एक जण, पत्र्याचं काम करणारे शेख चाचा, वरच्या तांड्याचे नाईक. हे सगळे लहान पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसायचे. पतंगेचं म्हणणं असं की नर्सबाईंना आजार दिसतो, लाईनमनला तारा दिसतात, गुरांच्या डॉक्टरला गोठा दिसतो, पण गावावर जे येऊन राहिलं आहे ते एकट्या कुणालाच पुरतं दिसत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून एक वस्तू करायची. वीस वर्षांनंतरच्या गावात सापडेल अशी, हातात धरता येईल अशी. ती गुपचूप गावात ठेवून द्यायची. भाषण करायचं नाही, खाली समजावून लिहायचं नाही. याला तो 'पुढची वस्तू' म्हणत असे. भविष्य सांगता का, असं मी एकदा टोचून विचारलं तर म्हणाला, ते जोशाचं काम आहे, मी फक्त चित्रकलेचा मास्तर आहे. हा नम्रपणाही मला सोसत नसे.

एकदा त्यानं मलाही त्यात ओढलं. रेघा सरळ मारता येतात म्हणून. पुढच्या काळातला पहिलीच्या वर्गाचा हजेरीपट करायचा होता. आमच्या हजेरीपटात आधी मुलांची नावं असतात, मग मुलींची. नर्सबाईंनी त्या दिवशी दबक्या आवाजात कोणकोणत्या सुना पोट तपासायला शहरात जातात आणि रिकाम्या होऊन येतात ते सांगितलं. नावं घेतली नाहीत, पण आम्हाला सगळ्यांना नावं कळली. हजेरीपट तयार झाला तेव्हा मुलांची दोन पानं भरली होती आणि मुलींची नावं पानाच्या मध्यावरच संपली होती. खाली नुसत्या माझ्या रेघा. तो हजेरीपट पंचायतीच्या टेबलावर आठवडाभर पडून होता. सरपंचांनी चाळला आणि अक्षर फार वळणदार आहे म्हणून शाबासकी दिली.

मी पतंगेला गाठलं. म्हटलं, काय उपयोग झाला?

"समजा, एखाद्यानं घरी जाऊन बायकोला सांगितलं."

"आणि समजा नाही सांगितलं?"

"तेही समजा," तो म्हणाला, आणि रंगाचे ब्रश धुवायला निघून गेला.

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? दुसरी एक वस्तू तर त्याच्याच गळ्यात पडली. शेख चाचांकडून त्यानं घागरीला पत्र्याचं झाकण करून घेतलं आणि त्याला कडी-कुलूप बसवलं. कुलूप लावायची घागर. लोकांनी बघावी आणि पाण्यावर अशी वेळ येऊ नये असं मनात आणावं, हा त्याचा डाव. घागर पाराजवळ ठेवली. बायकांनी उचलून पाहिली, कुलूप लावून-उघडून पाहिलं आणि विचारलं की हे कुठं मिळतं. चार दिवसांनी शेख चाचा शाळेच्या दारात आले आणि म्हणाले, "मास्टर, और चार का ऑर्डर है. बनाऊं क्या?" स्टाफरूममध्ये मी पोट धरून हसलो. पतंगे हसला नाही. तो खरोखर घाबरलेला दिसला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

आता माझ्या रागाचं मूळ. या माणसाकडे गुंठाभर जमीन नव्हती. भाड्याच्या खोलीत राहायचा, पाणी शेजारच्यांकडून भरायचा. आणि आमच्या विहिरी, आमच्या सुना, आमची गुरं यांचं पुढं काय होणार ते आम्हाला दाखवायचा. ज्याचं काहीच जाणार नाही त्यानं दुसऱ्याच्या जाण्याची चित्रं काढावीत, हे मला तेव्हा चीड आणणारं वाटे. आजही वाटतं.

गोरेगावहून पुसेगावकडे जाताना आमचं शेत लागतं. तिथली विहीर माझ्या बापानं खोदली, पण मुरमाच्या पाट्या मायनं वर आणल्या. मायचं नाव सखूबाई. पाणी लागलं तेव्हापासून लोक सखूबाईची विहीर म्हणू लागले, आणि पुढं पुढं नुसतं सखूबाई. सखूबाईला पाणी किती आहे, सखूबाईवर मोट होती तेव्हा, असं. ऐकणाऱ्या नव्या माणसाची गंमतच व्हायची. उन्हाळ्यात वरच्या तांड्यावरच्या बायका तिथूनच पाणी न्यायच्या. मायनं कधी कुणाला अडवलं नाही. उलट त्या आल्या की ती काठावर बसून त्यांच्याशी तासतास बोलायची.

सत्त्याण्णवच्या सुमारास माझा धाकटा भाऊ दत्ता आणि मी हळद लावायचं ठरवलं. हळदीला पाणी लागतं. पाणी दाखवणारा आणला, तो हातात नारळ धरून सगळं रान फिरला आणि विहिरीपासून तीस पावलांवर थांबला. बोअर इथंच घ्या म्हणाला. माय तेव्हा बांधावर होती. ती एवढंच म्हणाली, "तिच्या उशाला भोक पाडू नका." आम्ही तिला समजावलं. बोअरचं पाणी खालचं असतं, विहिरीचं वरचं, त्याचा याच्याशी संबंध नाही, असं मी आकृती काढून सांगितलं. गणिताचा मास्तर मी. तिनं आकृतीकडे पाहिलंसुद्धा नाही. तीन-चार महिने ती हेच म्हणत राहिली आणि मग एक दिवस म्हणायची थांबली. तिला पटलं असं आम्ही धरून चाललो.

आणि मग ती पत्रिका आली. मी शाळेतून परतलो तेव्हा दत्ता उंबऱ्याबाहेर पत्रिका धरून उभा होता. काळी कडा, वरचा कोपरा फाडलेला, तेरवीची पत्रिका असते तशी. त्यावर हातानं काढलेल्या अक्षरात छापलं होतं: कळविण्यास अत्यंत दुःख होते की आम्हा सर्वांची सखूबाई हिचे चैत्र महिन्यात अल्पशा आजाराने निधन झाले. तिच्यामागे वरचा तांडा, दोन मुलगे, सहा एकर हळद असा परिवार आहे. तेरवी विहिरीच्या काठावर. साल पाच वर्षांपुढचं. खाली कुणाचंच नाव नाही. नाव लिहायची गरजही नव्हती, ते वळण मी रोज फळ्यावर बघत होतो.

आमच्या भागात दुःखाची पत्रिका कुणी घरात नेत नाही. दारातच वाचायची, कोण गेलं आणि कुठं गेलं एवढं बघायचं, आणि फाडून टाकायची. सालाकडे कोण बघतो? मेलेल्या माणसाचं साल चुकीचं छापतं कोण? पुसेगावच्या माझ्या मामाला तीच पत्रिका गेली होती. त्याला वाचता येत नाही. शेजाऱ्यानं पहिली ओळ वाचली आणि रीतीप्रमाणे फाडली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. माय अंगणात सुपानं तूर पाखडत बसली होती. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि बायकांचा आकांत सुरू झाला. मामा सगळ्यांच्या पुढं. टोपी हातात, डोळे लाल, आणि रडण्यापेक्षा त्याला राग जास्त होता. "बहीण गेली आन् माती द्यायला बी बलावलं न्हाई रे तुमी," असं ओरडत तो अंगणात शिरला आणि समोर माय बसलेली.

मायनं सूप खाली ठेवलं. पदर नीट केला. म्हणाली, "दादा, मी हाय. बस. च्या टाकते."

मामा मटकन खाली बसला. बायका आधी गप्प झाल्या, मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. मामाच्या हातात लुगडं होतं, पिवळ्या काठाचं, माहेरचं म्हणून आणलेलं. ते कुठं ठेवावं त्याला कळेना. शेवटी मायनंच ते त्याच्या हातातून घेतलं, घडी उलगडून पाहिली, आणि रंग चांगला आहे म्हणाली.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मामा काठी मागत होता, मास्तरचं घर दाखव म्हणत होता. मी म्हटलं, काठी नको, कागद पुरे. आत जाऊन संस्थेच्या सचिवांना अर्ज लिहायला बसलो. चार पानं लिहिली. बाहेर माय त्या सगळ्या बायकांना घेऊन विहिरीवर गेली होती. एवढ्या लांबून आल्या आहात तर सखूबाईला भेटून जा, असं म्हणून. दत्ता आत येऊन मला म्हणाला, माय तुला बोलवून राहिली, विहिरीवर ये. मी म्हटलं, हा अर्ज आजच टाकायचा आहे, तू जा. तोही गेला नाही. तो मामाजवळ बसला.

सोमवारी स्टाफरूममध्ये मी पतंगेला सगळ्यांसमोर जे तोंडाला येईल ते बोललो. जित्या बाईला मारलंस म्हणालो. तुझी माय असती तर छापली असतीस का म्हणालो. तो उभा राहून ऐकत होता, बोटांनी मनगटावरचा डाग चोळत. एकदाही 'समजा' म्हणाला नाही. माझं झाल्यावर म्हणाला, "चूक झाली, सर." बस एवढंच. तो भांडला असता तर माझा राग तिथंच उतरला असता. महिन्याभरात त्याची बदली झाली, कळमनुरीच्या पलीकडं, संस्थेच्या अशा एका शाळेत की जिथं चित्रकलेचा तास वेळापत्रकातच नव्हता. शनिवारची बैठक मोडली. नर्सबाई पुढं मला रस्त्यात भेटल्या तरी बघायच्या नाहीत.

आणि मी आणखी एक गोष्ट केली, तीही रागातच. त्याच आठवड्यात बोअर घेतला. कुणी कागदावर माझ्या विहिरीला मारतो आणि मी घाबरून थांबतो, असं गावानं म्हणायला नको म्हणून. गाडी आली, दत्तानं नारळ फोडला, पांढरी धूळ उडाली आणि मग पाणी असं उसळलं की पोरंटोरं नाचली. माय त्या दिवशी घराबाहेर आली नाही. हळद चांगली झाली. पहिल्या साली झाली, दुसऱ्या साली झाली. तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला. तांड्यावरच्या बायका आल्या, काठावर उभ्या राहून आत बघितलं आणि दुसऱ्या वाटेनं गेल्या. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. माय तरीही संध्याकाळची काठावर जाऊन बसायची. आता तिच्याशी बोलायला तिथं कुणी नव्हतं.

पत्रिकेतलं साल त्यानंतर दोन वर्षांनी होतं. बघा, तारीख चुकली, असं मी स्टाफरूममध्ये एकदा म्हणालो. कुणी हसलं नाही.

त्याला मी शेवटचा पाहिला तो वारंगा फाट्यावर. दोन हजार सहा-सात साल असेल. नांदेडच्या गाडीची वाट बघत मी हॉटेलात शिरलो तर कोपऱ्यात हा उभ्यानं चहा पीत होता. केस पांढरे झाले होते. काखेत कागदांची गुंडाळी. शाईचा डाग तसाच. मला पाहून त्यानं दुसऱ्या चहाची खूण केली. मी मनात म्हटलं, आता हा विहिरीचं विचारणार. त्याला काय उत्तर द्यायचं ते मी कितीतरी वर्षं तयार ठेवलं होतं.

त्यानं विचारलं, "मावशी कशा आहेत?"

मी म्हटलं, माय गेली. मागच्या पौषात.

त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "मला पत्रिका नाही आली."

माझा तोल गेला. मी म्हटलं, तुला कशाला पाठवायची? तू तर तिची जितेपणीच काढली होतीस. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. पतंगेनं मला हाताला धरून बाहेर आणलं, ट्रकच्या आडोशाला, आणि त्याच्या त्या हळू आवाजात बोलायला लागला. मला पुढं वाकावं लागलं.

"मी विहिरीचीच लिहिली होती, सर. 'सखूबाईची विहीर' असं. मावशी बाजाराला आल्या होत्या, शाळेत आल्या, वाचून दाखव म्हणाल्या. मी वाचली. त्या म्हणाल्या, 'इहीर' काढून टाक. नुसतं नाव ठेव. मी नाही म्हटलं. तीन बाजार येत राहिल्या. पुसेगावचा पत्ता त्यांनीच सांगितला."

मी विचारलं, काहून?

"म्हणाल्या, इहीर मेली म्हणलं तं माह्या पोरायला काई वाटणार न्हाई. मी मेले म्हणलं तं येतील माह्याजवळ बसायला. मंग सांगीन त्यायला."

मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. म्हटलं, मग त्या दिवशी स्टाफरूममध्ये बोलला काहून नाहीस? तो म्हणाला, मावशींनी शपथ घातली होती. आणि तुम्ही मला काही विचारलंच नव्हतं, तुम्ही सांगत होतात.

नांदेडची गाडी आली. ती माझीही होती, पण मी चढलो नाही. तो गुंडाळी सांभाळत गर्दीतून आत चढला आणि मागच्या खिडकीशी उभा राहिला. खोटं बोलला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण इतकी वर्षं नसलेल्या गोष्टी करून दाखवणाऱ्या त्या माणसाला मी एकदाही खोटं बोलताना पकडलेलं नव्हतं. गाडी हलली तेव्हा त्यानं मला हात केला. मी केला नाही. मी तिथंच धुळीत उभा राहिलो आणि डोक्यात एकच होतं, की माझ्या मायला माझ्याशी बोलायचं होतं, आणि त्यासाठी तिला या माणसाकडे जावं लागलं.